कोरी सोडलेली जागा

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत विद्यार्थी व सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्हांला बोलायचे आहे ते तादाओ आंदो या जपानी वास्तुविशारदाविषयी आणि त्यांनी कागद-पेन्सिलीच्या साहाय्याने घेतलेल्या शांततेच्या शोधाविषयी. विषय ऐकून काही मंडळींना नवल वाटले असेल. आम्ही इंजिनिअर नाही की आर्किटेक्ट नाही. शिक्षण कला शाखेचे आणि पोटापाण्याचा व्यवसाय बँकेतल्या कारकुनीचा. परंतु घरबांधणी कर्जाच्या अर्जांना जोडलेले नकाशे वर्षानुवर्षे आमच्या टेबलावरून पुढे सरकत आले आहेत. त्या नकाशांत एकेक चौरस फूट मोजलेला असतो. हॉल किती, किचन किती, बाल्कनी किती, सगळे लिहिलेले असते. घरात चार घटका स्वस्थ बसायला, पोराला अभ्यासाला, म्हातारीला डोळे मिटून बसायला जागा कोणती, हा रकाना मात्र कोणत्याही अर्जात नसतो. आंदो यांनी आयुष्यभर नेमका हाच रकाना भरला. म्हणून त्यांची ओळख आपल्या विद्यार्थ्यांना व्हावी असे आम्हांला वाटले.

आंदो यांचा जन्म १३ सप्टेंबर १९४१ रोजी ओसाका शहरात झाला. जुळ्या भावांत ते थोरले. आजोळचे नाव पुढे चालावे म्हणून त्यांना लहानपणीच आजीकडे देण्यात आले. आजीचे घर म्हणजे एकाला एक लागून असलेल्या लाकडी घरांच्या ओळीतले एक घर, आपल्या भाषेत सांगायचे तर चाळच. घर अरुंद आणि अंधारे. समोर सुताराचा कारखाना. शाळेपेक्षा हा मुलगा त्या सुताराकडेच अधिक रमे. तो शाळकरी वयात असताना घरावर माडी चढवण्याचे काम निघाले. कारागिरांनी छप्पर उघडले आणि एरवी काळोखी असलेल्या त्या घरात एकदम वरून उजेड आला. हा प्रसंग आंदो यांनी पुढे अनेकदा सांगितला आहे. घर बदलण्यासाठी भिंती हलवाव्याच लागतात असे नाही, उजेडाची वाट बदलली तरी घर बदलते, हा धडा त्या मुलाला कोणत्याही पुस्तकाशिवाय मिळाला.

वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी व्यावसायिक मुष्टियोद्ध्याचा परवाना मिळवला. हातमोजे चढवून पैशांसाठी लढती केल्या. पुढे जगज्जेता झालेला फायटिंग हारादा एकदा त्यांच्या व्यायामशाळेत सरावाला आला होता. त्याचा वेग आणि ताकद पाहून आंदो यांनी ओळखले की आपण कितीही कष्ट केले तरी तिथवर पोहोचणार नाही. त्यांनी हातमोजे उतरवले. घरची परिस्थिती बेताची, परीक्षेतले गुणही बेताचेच. महाविद्यालयात जाऊन वास्तुविद्या शिकण्याचा मार्ग बंद होता.

आता विद्यार्थी मित्रांनी नीट लक्ष द्यावे. महाविद्यालयाचे दार बंद झाल्यावर या तरुणाने काय केले? लहानसहान कामे करत रात्रीच्या वर्गात रेखाटन शिकायला सुरुवात केली. पत्राद्वारे चालणारे अभ्यासक्रम घेतले. वास्तुविद्येचे विद्यार्थी जी पुस्तके चार वर्षांत वाचतात ती मिळवून एका वर्षात वाचून काढण्याचा चंग बांधला. सोबतीला शिक्षक नाही, शंका विचारायला वर्गमित्र नाही. आणि मग ओसाकातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना एक ग्रंथ दिसला. तो होता ल कॉर्बुझिए यांच्या कामांचा. हेच ल कॉर्बुझिए आपल्याकडे चंदीगड शहराचे रचनाकार म्हणून ओळखले जातात. ग्रंथ जुना असूनही आंदो यांच्या खिशाला परवडणारा नव्हता. दुसऱ्या कोणी उचलू नये म्हणून त्यांनी तो ढिगाच्या तळाशी दडवून ठेवला. जाता-येता आहे ना याची खात्री करून घ्यायची आणि पैसे साठवायचे, असे सुमारे महिनाभर चालले. शेवटी ग्रंथ हाती आला. पुस्तकासाठी पोटाला चिमटा घेणारा माणूस या सभागृहाला नवा नाही, तेव्हा त्या आनंदाविषयी आम्ही अधिक बोलत नाही.

ग्रंथातली भाषा त्यांना वाचता येत नव्हती. म्हणून त्यांनी त्यातली रेखाटने गिरवायला सुरुवात केली. वर पातळ कागद ठेवायचा आणि खालच्या रेघेवरून आपली रेघ न्यायची. एकदा, दोनदा, पन्नासदा. ती रेखाटने इतक्या वेळा गिरवली की पाने काळी पडली.

गिरवणे म्हणजे नक्कल, असे आपल्याला शाळेत वाटत असते. परंतु नक्कल करणाऱ्याचे लक्ष उत्तरावर असते आणि गिरवणाऱ्याचे रेघेवर. हात सावकाश चालला की मनात प्रश्न उठू लागतात. ही भिंत इथेच का थांबली? हा जिना दाराजवळ न घेता आत का नेला? ही खिडकी एवढी लहान का? ज्याने ती रेघ प्रथम काढली त्याच्या निर्णयामागून आपला हात चालतो. पूर्वीच्या काळी ग्रंथांच्या नकला हाताने उतरवणाऱ्यांना जे ज्ञान होत असेल, त्याच जातीचे हे ज्ञान आहे.

इथे नकाशाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपण घराचा जो नकाशा पाहतो त्याला प्लॅन म्हणतात. इमारत आडवी कापून वरून पाहिल्यास जसे दिसेल तसे ते चित्र. दुसरा असतो छेद, म्हणजे सेक्शन. कलिंगड वरून खाली कापावे तशी इमारत उभी कापली तर आत काय दिसेल, ते छेदात कळते. खोल्या किती हे प्लॅन सांगतो. उजेड कुठून येऊन कुठवर पोहोचतो, छप्पर डोक्यावर किती उंच आहे, वारा कोणत्या वाटेने जाईल, हे छेद सांगतो. आमच्या अनुभवात घर घेणारा माणूस प्लॅन दहा वेळा पाहतो आणि छेद एकदाही पाहत नाही. खोल्या मोजून घेतो आणि उजेड नशिबावर सोडतो. आंदो यांची इमारत समजून घ्यायची तर मात्र छेदच पाहावा लागतो.

आणखी एक गोष्ट पेन्सिल हातात धरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पांढऱ्या कागदावर उजेड काढता येत नाही. काढता येतो तो काळोख. भोवतीचा भाग काळा करत जायचे आणि जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा. आंदो यांच्या कामाची किल्ली आम्हांला तरी इथे सापडली. काय बांधायचे याच्याइतकेच काय सोडायचे हे त्यांनी रेघेरेघेने ठरवले.

१९६४ साली जपानी नागरिकांवरील परदेशप्रवासाची बंधने सैल झाली आणि १९६५ साली आंदो साठवलेल्या पैशांवर निघाले. जहाजाने रशियाच्या किनाऱ्याला, तिथून सैबेरियातून जाणाऱ्या रेल्वेने मॉस्कोला आणि पुढे युरोपात. ल कॉर्बुझिए यांना भेटण्याची मोठी आस होती. परंतु २७ ऑगस्ट १९६५ रोजी ल कॉर्बुझिए यांचे निधन झाले. आंदो पॅरिसला पोहोचले तेव्हा भेटीची वेळ निघून गेली होती. मग त्यांनी त्यांच्या इमारतींची भेट घेतली. रोममध्ये त्यांनी पँथिऑन पाहिले. सुमारे ४३ मीटर व्यासाचा तो प्राचीन घुमट, त्याला खिडकी अशी नाहीच. माथ्यावर एक गोल भोक आणि त्यातून येणारा उजेड दिवसभर भिंतीवरून सरकत जातो. येताना जहाज आफ्रिकेला वळसा घालून आले आणि वाटेत भारतही लागला. गंगेच्या काठी जन्म आणि मरण शेजारी शेजारी चाललेले पाहून हा तरुण अंतर्मुख झाला. वही आणि पेन्सिल हे त्याचे या प्रवासातले सोबती होते.

१९६९ साली ओसाका येथे त्यांनी आपले छोटे कार्यालय थाटले. कामे नव्हती. पदवी नसलेल्याला कोण काम देणार? तेव्हा त्यांनी कोणी न सांगता आराखडे काढायला सुरुवात केली. ओसाका स्टेशनसमोरच्या इमारतींच्या गच्च्यांवर बागा कराव्यात असा आराखडा काढून ते नगरपालिकेत घेऊन गेले. तो स्वीकारला गेला नाही. मोकळा भूखंड दिसला की तिथे काय होऊ शकेल याचे चित्र काढायचे आणि मालकाला दाखवायचे. मालक म्हणायचा, तुम्हांला कोणी सांगितले? असे नकार पचवत हात मात्र चालू राहिला.

मग आले १९७६ साल आणि सुमियोशी भागातले ते घर. या घराविषयी आम्ही थोडे सविस्तर बोलणार आहोत, कारण ते आपल्या जवळचे आहे. तीन जुन्या लाकडी घरांच्या ओळीतले मधले घर पाडून तिथे नवे बांधायचे होते. जागा सुमारे ५७ चौरस मीटर, म्हणजे सहाशे चौरस फुटांच्या आसपास. रुंदी जेमतेम अकरा फूट. पैसाही मर्यादित. अशा जागेत तुम्ही-आम्ही काय केले असते? इंच न् इंच वापरला असता. आंदो यांनी त्या चिंचोळ्या जागेचे तीन सारखे भाग केले. पुढचा भाग घर, मागचा भाग घर आणि मधला भाग सरळ आकाशाला मोकळा सोडला. खाली पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. वर दोन झोपायच्या खोल्या आणि त्यांना जोडणारा उघडा पूल. रस्त्याच्या बाजूला एकही खिडकी नाही, फक्त दाराचे एक भोक. सगळा उजेड, सगळा वारा त्या मधल्या चौकातून.

याचा परिणाम असा की पावसाळी रात्री झोपेतून उठून न्हाणीघरात जायचे तर छत्री घ्यावी लागते. थंडीत चौक ओलांडताना अंग काकडते. टीका भरपूर झाली. ज्या माणसाने स्वतःच्या घरात छत्री उघडायला लावली त्याला शहाणा कसे म्हणावे, हा प्रश्न आपल्यालाही पडतो आणि तो वाजवी आहे. सोयीचा मोबदला देऊन हे घर उभे आहे, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु गजबजलेल्या वस्तीत, दोन्ही अंगांनी शेजाऱ्यांच्या भिंती असलेल्या त्या घरात, ढग, पाऊस, ऊन आणि रात्रीचे तारे यांचा प्रवेश झाला. जपानच्या वास्तुविद्या संस्थेने १९७९ साली या घराला आपला पुरस्कार दिला.

मित्रहो, इथे एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. ज्यांनी दहा बाय दहाच्या खोलीत आठ-आठ माणसांचा संसार केला, पाळीपाळीने झोप घेतली, त्यांना रिकाम्या जागेचे महत्त्व सांगणे ही चेष्टा नव्हे काय? शांतता ही बंगलेवाल्यांची चैन नव्हे काय? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. आमचे मत असे झाले की दाटीत राहणाऱ्यालाच मोकळ्या जागेची गरज जास्त असते. ज्याच्या घरात सहा खोल्या आहेत तो दार लावून बसेल. ज्याच्या घरात एकच खोली आहे त्याचा मुलगा कुठे बसणार? जिन्यात, म्युनिसिपालिटीच्या दिव्याखाली, नाहीतर वाचनालयात. सुमियोशीचे घर कोण्या धनिकाचे नव्हते. चाळीच्या मापाच्या जागेतही एक तृतीयांश भाग निर्धाराने मोकळा ठेवता येतो, हे त्या घराने दाखवले. तसेच घर आपण बांधावे असे आमचे म्हणणे नाही. आपल्या हिशेबात मोकळ्या जागेला किंमत असावी, एवढेच म्हणणे आहे.

आंदो यांच्या भिंती उघड्या काँक्रीटच्या असतात. प्लॅस्टर नाही, रंग नाही. बांधकामावर गेलेल्यांना माहीत आहे की प्लॅस्टरखाली पुष्कळ चुका लपतात. उघड्या काँक्रीटमध्ये लपायला जागा नाही. शटरिंगच्या फळीला फट राहिली की ती कायमची दिसणार. त्यांच्या फळ्या ९० सेंटिमीटर बाय १८० सेंटिमीटरच्या, म्हणजे जपानी घरात अंथरतात त्या तातामी चटईच्या मापाच्या. भिंतीवर दिसणारी गोल भोकेसुद्धा आधी कागदावर जागा ठरवून घेतलेली. म्हणून ती भिंत ओबडधोबड न दिसता रेशमासारखी वाटते, आणि उजेड तिच्यावर पडला की ती भिंत उरत नाही, उजेडाचा पडदा होते. ही किमया मुळात गवंडी, सुतार आणि सेंट्रिंगवाले यांच्या हातांची आहे.

१९८९ साली ओसाकाजवळच्या इबाराकी येथे ख्रिस्ती मंडळींसाठी त्यांनी एक लहान प्रार्थनागृह बांधले. क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस मीटर. निधी इतका तुटपुंजा की छप्पर होते की नाही अशी शंका होती. जमीन आणि बाके बांधकामाची परांची बांधायला वापरतात तसल्या फळ्यांची. आत सजावट काही नाही. समोरच्या पूर्वेकडच्या भिंतीत आडवी-उभी फट, तिचाच क्रॉस. काळोखात बसलेल्या माणसासमोर सकाळी तो क्रॉस उजेडाचा होऊन उभा राहतो. पेन्सिलीने भोवती काळे करून मधला कागद कोरा सोडावा, तशी ही इमारत. त्या फटीत काच बसवू नये असे आंदो यांचे म्हणणे होते. थंडी-वाऱ्यामुळे मंडळींनी ती बसवून घेतली. आंदो यांनी हट्ट सोडला नाही. २०१७ साली टोकियोतल्या प्रदर्शनात त्यांनी याच प्रार्थनागृहाची खऱ्या मापाची प्रतिकृती उभारली आणि तिच्यात काच ठेवली नाही. आपल्यापैकी जे कार्ल्याच्या चैत्यगृहात जाऊन आले आहेत, त्यांना एका वाटेने येणाऱ्या उजेडाची ताकद वेगळी सांगायला नको.

१९९१ साली आवाजी बेटावर होन्पुकुजी हे बौद्ध मंदिर झाले. जपानी मंदिर म्हटले की मोठे उतरते छप्पर आलेच. आंदो यांनी छप्पर काढूनच टाकले. भाविकांना हे प्रथम पटले नाही, आणि ते स्वाभाविक होते. छपराच्या जागी त्यांनी कमळांचे तळे केले. लंबगोल, ४० मीटर लांब, ३० मीटर रुंद. आधी पांढऱ्या खडीवरून चालायचे, एका उंच भिंतीला वळसा घालायचा, दुसऱ्या वक्र भिंतीच्या कडेने जायचे. तोवर मंदिर दिसतच नाही. मग अचानक तळे. तळ्याच्या मधोमध पाणी दुभंगून पायऱ्या खाली उतरतात. माणूस कमळांच्या खाली जातो. आत शेंदरी लाल रंगाचा गाभारा, आणि पश्चिमेकडून येणारा उजेड. सूर्य मावळताना सगळा गाभारा पेटल्यासारखा होतो. इथे मंदिराची चढण नाही, उतरण आहे. दर्शनाला जाणारा माणूस एकेक पायरी खाली जातो, आपोआप हळू चालतो, आपोआप बोलणे थांबवतो. ‘शांतता राखा’ अशी पाटी लावावी लागत नाही. पाटीचे काम वाटेने केले आहे.

१७ जानेवारी १९९५ रोजी कोबे परिसरात भीषण भूकंप झाला. सहा हजारांहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षी आंदो यांना वास्तुविद्येतला सर्वोच्च मानला जाणारा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. पुरस्काराची एक लाख डॉलरची रक्कम त्यांनी भूकंपात पोरक्या झालेल्या मुलांसाठी देऊन टाकली. पुढे गेलेल्यांच्या स्मरणार्थ पांढऱ्या फुलांची झाडे लावण्याच्या मोहिमेतही ते पुढे होते. शांत जागा कागदावर शोधणारा माणूस संकटात कागदाआड बसला नाही, एवढे यातून ध्यानात घ्यावे.

आता शेवटचे उदाहरण. जपानच्या उत्तरेकडील साप्पोरो शहराजवळ एका विस्तीर्ण स्मशानभूमीत बुद्धाची साडेतेरा मीटर उंचीची दगडी मूर्ती होती. वजन सुमारे दीड हजार टन. पंधरा एक वर्षे ती मोकळ्या माळावर उभी होती. मूर्ती भव्य होती, पण माळावर ती एकाकी वाटे, लोकांच्या मनाला हवी ती शांती मिळत नसे. आंदो यांना विचारण्यात आले, आता काय करावे? आणखी उंच चौथरा? आणखी दिवे? त्यांनी मूर्तीभोवती टेकडी रचली. मूर्तीचे डोके तेवढे टेकडीच्या माथ्यातून वर दिसते. टेकडीवर लव्हेंडरची दीड लाख रोपे. वसंतात ती हिरवी, उन्हाळ्यात जांभळी आणि हिवाळ्यात बर्फाने पांढरी होते. पाण्याला वळसा घालून ४० मीटर लांबीच्या बोगद्यातून आत जायचे. चालताना आधी पाय दिसतात, मग हात, आणि शेवटी वर मोकळ्या आकाशाच्या गोलात बुद्धाचा चेहरा. २०१५ साली हे काम पूर्ण झाले.

या उदाहरणापाशी आम्ही मुद्दाम थांबतो. मूर्ती तीच, दगड तोच. आंदो यांनी मूर्तीला एक इंचही वाढवले नाही, उलट ती झाकली. वाढवली ती तिच्यापर्यंतची वाट. आपणही गावोगावी, वस्त्यावस्त्यांत बांधकामे करतो. वर्गणी जमवतो, राबतो, आणि त्या श्रमाचा आम्हांला अभिमान आहे. परंतु बैठकीत चर्चा होते ती उंचीची, लाद्यांची, रंगाची, फलकावरच्या नावांची. आत येणारा माणूस कुठून येईल, पादत्राणे काढल्यावर पहिले काय पाहील, डोळे मिटून बसला तर रस्त्याचा गोंगाट कानांवर येईल की नाही, सकाळचा उजेड कुठे पडेल, हे कोणी कागदावर काढून पाहतो का? यासाठी जादा निधी लागत नाही. कागद, पेन्सिल आणि एक-दोन महिन्यांचा धीर लागतो. संस्थेच्या सभासदांना आमची नम्र सूचना एवढीच की यापुढे कोणतेही बांधकाम काढले तर नकाशावर सर्वांत आधी एक कोरा चौकोन काढावा आणि काम संपेपर्यंत तो कोणालाही भरू देऊ नये.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी आंदो यांचे उदाहरण दुसऱ्या अंगानेही मोलाचे आहे. पदवी घेऊ नका असा याचा अर्थ कोणी काढू नये. ज्याला दार उघडे आहे त्याने आत शिरलेच पाहिजे, कारण ते दार उघडायला कोणाचे तरी आयुष्य खर्ची पडले आहे. परंतु दार बंद झाले म्हणून शिकणे बंद होत नाही, हे लक्षात ठेवा. आज घरी जाऊन आपली खोली पट्टीने मोजा. कागदावर तिचा प्लॅन काढा, मग छेद काढा. सकाळी ऊन कुठे येते तिथे खूण करा. तुमच्या लक्षात येईल की एवढ्याशा खोलीतही एक कोपरा तुमची वाट पाहत होता. कदाचित ट्रंक हलवावी लागेल, कदाचित कपाट.

१९८८ साली आंदो यांनी ओसाकातल्या नाकानोशिमा बेटावरील जुन्या सभागृहाच्या पोटात अंड्याच्या आकाराचे नवे सभागृह बसवण्याचा आराखडा काढला होता. तो कागदावरच राहिला. मध्यंतरी गंभीर आजारामुळे त्यांचे पाच अवयव काढावे लागले. तरी काम थांबले नाही. २०२० साली त्याच नाकानोशिमा बेटावर त्यांनी मुलांसाठी एक वाचनालय उभारून शहराला भेट दिले. भिंती पुस्तकांनी भरलेल्या आणि मुलांनी हवे तिथे, पायऱ्यांवरसुद्धा, बसून वाचावे अशी मुभा. जुन्या दुकानातल्या ढिगाखाली एक पुस्तक दडवून ठेवणाऱ्या तरुणाने आपल्या शहरातल्या मुलांसाठी पुस्तके अशी उघड्यावर मांडली.



जयभीम! जय भारत!